ओल्या धोतराखालचे अण्णा

आता ही फजिती माझ्याच तोंडून ऐका, नाहीतर आमच्या गल्लीतलं कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेलच.

शेजारच्या अण्णांना प्रोस्टेटची रक्ततपासणी करायला मीच पिडलं. त्यांना त्रास काही नव्हता. पण आरोग्य शिबिरात ऐकलेलं, आधीच कळलं की जीव वाचतो. आकडा जास्त आला, मग तुकडा काढून तपासला, तर निघाला की कॅन्सर.

अण्णा दवाखान्यातून आले तशी मी त्यांच्या ओट्यावर हजर. "काय म्हणाले डॉक्टर?"

"काय करायचं न्हाय म्हणाले. घरी जावा, नुसतं लक्ष ठिवू."

डॉक्टर 'घरी जा' कधी म्हणतात, ते काय मला कळत नाही? आणि अण्णा हसत होते. ते हसणंही मला या जगातलं वाटेना.

अण्णांच्या घरच्या काकू लेकीकडं दुधनीला गेलेल्या. दुसऱ्या दिवशी भर दुपारी अण्णांच्या घरातून ना रेडिओ, ना खोकला. मी खिडकीतून डोकावले. आत अंधार. फरशीवर अण्णा आडवे, डोक्यापासून पायापर्यंत पांढरं धोतर, भोवती पाणी. न्हाऊ घातल्यासारखं. पण घरात तर दुसरं कुणीच नव्हतं. मग न्हाऊ घातलं कुणी?

काकूंना फोनवर एवढंच म्हणाले, "लगेच या." गल्ली गोळा केली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, काकू उपाशी येतील, म्हणून पिठलं-भाकरी केली. ताट घेऊन दार ढकललं, मागं सगळे टोप्या घालून गप्प उभे. मी हुंदका दिला.

धोतर उठून बसलं.

"कोण गेलं?" धोतरातून आवाज आला.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"सुमन, उकाड्याचं धोतर भिजवून पडलो हुतो की."

"पण डॉक्टरांनी हात टेकले ना?"

"गाठ लई सावकाश वाढतीया. आत्ता कापली तर तरासच जास्त. काही जणांचा जीव वाचतो ह्या तपासणीनं. माझा वाचला का नुसती झोप गेली, ते डॉक्टरला बी सांगता येईना." आणि त्यांनी भाकरी मोडली.

काकू रडत रिक्षातून उतरल्या, तर दारात अण्णाच. त्या माझ्याशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत.

आता अण्णा दुपारी पायाचा अंगठा धोतराबाहेर ठेवून झोपतात. मी खिडकीशी गेले की तो हलतो. परवा हलला नाही. मी बराच वेळ बघत उभी राहिले. मग घरी येऊन गुपचूप पीठ मळायला घेतलं.

भिंतीपलीकडून आवाज आला, "सुमन, ह्या बारीला ठेचा बी आण."