मेथीची जुडी

मावशीला भेटायला तिच्या वृद्धनिवासात गेले होते. चहानंतर तिथे प्रत्येकाच्या पुढ्यात मेथीची एकेक जुडी ठेवतात. संध्याकाळची भाजी ज्याची त्याने निवडायची. मावशीची बोटं थरथरत होती, एक पान खुडायला मिनिट लागत होतं. मला राहवेना. मी जुडी ओढून घेतली, तशा तिथल्या सेविका सुनंदाताई म्हणाल्या, "असू द्या ताई, त्यांचं त्यांना करू द्या." त्या स्वतः हात मागे बांधून उभ्या होत्या.

आईपुढची परात मी अशीच उचलली होती. "राहू दे आई, तू आराम कर." किती मायेनं म्हटलं होतं! मग विळी काढून घेतली, मग वाती वळणं, मग चहाचं भांडंही. शेवटच्या वर्षी आई खिडकीपाशी बसून दिवसभर पदराचा काठ खुडायची. पानं एकीकडे, देठ एकीकडे.

"काय गं, कुठे हरवलीस?" मावशीनं विचारलं.

मी जुडी तिच्यापुढे सरकवली आणि सुनंदाताईंसारखे हात मागे बांधले. मावशी सावकाश निवडत राहिली. पाठीमागे माझी बोटं ओढणीचा काठ खुडत होती.