गुलमोहराखालचा पाऊस

इंद्रभान घोंगे हा माणूस अनंत गुरुजींना किती माहीत होता, असं कुणी विचारलं तर गुरुजी आधी चष्मा पुसतील आणि मग म्हणतील, फार थोडा. त्याच्या गावात त्यांनी एकवीस वर्षं शिकवलं, त्याचा मुलगा गणेश त्यांच्या हाताखालून गेला. तरी इंद्रभानला भावंडं किती, तरुणपणी तो काय करायचा, सातवीत शाळा सोडलेल्या या शेतकऱ्याला रोजचा पाऊस मोजायचं वेड कुठून लागलं, यातलं त्यांना काही सांगता येत नाही. विचारायचं राहूनच गेलं.

एवढं मात्र खरं, की रोहिणखेडच्या बाजूच्या त्या लहान गावात पाऊस मोजणारी माणसं दोनच. एक गुरुजी, शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकाशी. दुसरा इंद्रभान, आपल्या संत्र्याच्या बागेच्या बांधावर. त्याचं यंत्र म्हणजे सरळ उभ्या कडांचा पत्र्याचा डबा आणि कंपासपेटीतली पट्टी. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला तो डब्यात पट्टी उभी धरी, मिलिमीटर वाची आणि वहीत मांडी. वहीत आकड्याशिवाय शब्द नसे. ‘धो धो’ नाही की ‘बरा’ नाही.

निवृत्त होऊन गुरुजी मोताळ्याला राहायला गेले, त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात एका बातमीदारानं त्यांच्या नोंदी मागून घेतल्या. आठवड्याभरात बातमी आली: ‘पाऊस चौथाईने आटला, पंचवीस वर्षांत परिसराचे वाळवंट.’ खाली गुरुजींचं नाव. जन्मात पहिल्यांदा पेपरात नाव आलेलं. टीव्हीवरही दाखवलं, मागे भेगाळलेल्या जमिनीचं चित्र. गुरुजींनी कात्रण पाकिटात घातलं आणि एसटीनं गाव गाठलं. इंद्रभानला दाखवायचं होतं.

इंद्रभान ओट्यावर बसला होता. गणेश मोबाइलवर कुणाला तरी सांगत होता, “सोमवारी मशीन घेऊन या. अडीचशे झाडं हायेत.”

“कसली झाडं?” गुरुजींनी विचारलं.

“संत्र्याची बाग काढून राह्यलो, गुरुजी,” गणेश म्हणाला. “तुमीच तर सांगतलं पेपरात. पाऊसच राह्यणार नाई, तं बाग ठेवून काय तिची आरती करू?”

गुरुजींचा हात पाकिटावरच राहिला.

इंद्रभान उठला. तो आत गेला, वह्यांचा गठ्ठा काखेत मारून बाहेर आला आणि म्हणाला, “मास्तर, चाला शाळेत. गणेश, तू बी चाल बे.”

शाळेला सुट्टी होती. पर्जन्यमापकापाशी जाऊन इंद्रभाननं वर बोट केलं. गुलमोहराची एक जाड फांदी यंत्राच्या थेट डोक्यावरून गेली होती.

“हे झाड कोणं लावलं?”

“मी,” गुरुजी म्हणाले. “वृक्षारोपणाच्या दिवशी. पोरांकडून.”

“तवा ते गुडघ्याएवढं होतं. तवाचे तुमचे आकडे आन माह्ये आकडे पाहा, तुमचे बी मी उतरून ठेवत होतो. दोन-चार मिलिमीटरचा फरक. आता गेल्या आठ सालाचे पाहा. झाड मोठं होत गेलं, तसा तुमचा पाऊस कमी होत गेला. माह्या डब्यात तेवढाच पडते, कवा वर, कवा खाली.”

गुरुजींनी वही पाहिली. मग फांदीकडे पाहिलं. रोज सकाळी त्याच फांदीखाली उभं राहून त्यांनी आकडा घेतला होता, आणि सावली बरी वाटते म्हणून थोडं रेंगाळलेही होते.

“म्हंजे समदं खोटंच का, बाबा?” गणेशनं विचारलं.

“खोटं कोण म्हणते? ऊन वाढलं, ते माह्यं डोकं सांगते. पाऊस लुच्चा झाला, पंधरा दिवस दडी मारते आन एका दिवसात तीन इंच ओतते. ते बी वहीत हाय. पन पंचवीस सालानं माह्या बांधावर काय होईन, हे टीव्हीवाल्याले कोणं सांगतलं? फाटलेली जमीन दाखवते! काळी माती दरसाल मे महिन्यात फाटते. तिचा फोटो सप्टेंबरात काऊन नाई काढत?”

बातमीत एका अहवालाचाही हवाला होता. गुरुजींनी तिथूनच आपली जुनी विद्यार्थिनी समीक्षा हिला फोन लावला. ती अकोल्याला भूगोल शिकवते. तिनं तो अहवाल वाचलेला होता. “सर, त्यात तीन शक्यता दिल्यात,” ती म्हणाली. “एका शक्यतेत पाऊस वाढतोही. आणि एका गावापुरतं खात्रीनं सांगता येत नाही, असं स्पष्ट लिहिलंय.” बातमीत यातलं अक्षर नव्हतं.

गुरुजींना चार माणसांत बोलायचं म्हटलं तरी घाम फुटतो. पण त्यांनी गणेशकडे वळून सांगितलं, “गणेश, चूक माझी आहे. माझ्या आकड्यावर बाग तोडू नकोस.”

गणेश हसला. “गुरुजी, एका हातच्यासाठी आमाले छड्या देल्या तुमी!”

“दिल्या,” गुरुजी म्हणाले. “आज माझा हातचा राहिला.”

गणेशनं तिथंच मशीनवाल्याला नको म्हणून कळवलं. वर बापालाही ऐकवलं, “पन वही वाचून झाडं जगत नाईत, बाबा. ठिबक लावा लागीन.”

“लाव ना! मी कवा नाई म्हटलं?”

गुरुजींनी पेपराला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. ते छापून आलं नाही. दुसरं पाठवलं, तेही नाही. शाळेनं मात्र फांदी न तोडता यंत्रच मैदानाच्या मध्यावर नेलं, ते बरं झालं.

बाग राहिली. पुढच्या दिवाळीनंतर संत्री उतरली तेव्हा इंद्रभाननं गुरुजींना बोलावून घेतलं आणि परतताना एसटीपर्यंत सोडायला आला. महिन्याभरानं तो झोपेतच गेला. एसटीपाशी झालेल्या त्या शेवटच्या भेटीत वहीबद्दल, पावसाबद्दल दोघं काहीच बोलले नाहीत. गाडी आली तशी इंद्रभाननं संत्र्यांची पिशवी वर दिली.

“खालून धरा, मास्तर. बंद कच्चा हाय तिचा.”

“धरतो. तुम्ही निघा आता, ऊन झालं.”

“हाव, निघतो.”