ओवाळणीचा कठडा

मामीचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजून गेले होते. "सुहास, मामा गेलं रं," ती म्हणाली. पहाटे वैरण टाकायला गेलेले वसंतमामा गव्हाणीच्या कट्ट्याला टेकून बसलेले तिला दिसले होते. हाक मारली, पण उठले नाहीत. डॉक्टरही येऊन गेले होते. मग फोन आत्ता कसा, असं मी विचारलं. "धारा काढून घेतल्या आन मग लावला. गायी काय थांबत्यात व्हय?" त्या घरात याहून वेगळं उत्तर मिळालं नसतं. याला आता दोन महिने झाले.

वसंतमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. गाव तासगावच्या पुढे. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले आणि गावात गोठे बांधून देऊ लागले. तेव्हा त्या भागात गायी मोकळ्या ठेवायचे गोठे नव्याने होत होते. मोकळी गाय गव्हाणीत पाय घालते, वैरण तुडवते, शेजारणीला ढुशी देऊन हाकलते. म्हणून गव्हाणीपुढे कठडा लागतो, गाईची मान आत जाईल आणि अंग बाहेर राहील असा. तो कशाचा करायचा हा प्रश्न होता. बाभळीचं लाकूड गोमूत्रात बुडाशी कुजतं. पातळ चौकोनी पाइप एका धडकेत वाकतो. मामांनी द्राक्षबागांचे जुने लोखंडी अँगल निवडले. बाग काढली की ते बांधावर ढिगाने पडून असत, सरळ आणि दणकट. "ह्येच्यावर आख्खी बाग हुभी र्‍हाती, गाईचं काय घिऊन बसलाय?" असं ते सांगत. गावातल्या नऊ गोठ्यांत त्यांनी अँगलचे कठडे उभे केले.

दहावा आमच्याकडे, कोरेगावजवळच्या आमच्या घरी, जिथं आई तीन गायी सांभाळते. एका दिवाळीत मामा टेंपोतून अँगल घेऊन आले आणि दोन दिवस खपून त्यांनी कठडा उभा केला. भाऊबीजेला आईने ओवाळलं, तर खिशात हात न घालता त्यांनी गोठ्याकडे बोट दाखवलं. "आक्का, तीच ओवाळणी."

"साधी साडी बी न्हाई व्हय रं, वसा?" आई म्हणाली. पण पुढचे कित्येक दिवस घरी येईल त्याला ती चहाच्या आधी गोठा दाखवत होती.

चूक लक्षात यायला वर्ष गेलं. द्राक्षाचा वेल अँगलवर नुसता टेकतो, गाय त्याच्याखाली दिवसभर मान घासते. अँगलला धार असते. मामांची शेजारीण पारूबाई हिच्या गाईच्या मानेवर आधी घट्टा पडला, मग जखम झाली, जखमेत किडे पडले. डॉक्टरांनी गाय बरी केली, पण ती कठड्यातून डोकं घालेना. पारूबाई मामांना बोलवायला आली. भांडली नाही. "आवं भाऊजी, तुमीच या आन बगा," एवढंच म्हणाली. मामांनी जाऊन पाहिलं. गव्हाण हिरव्या मक्याने भरलेली होती आणि गाय दोन हात मागे उपाशी उभी होती. "लय येळ हुभा र्‍हायलो तिच्यासंगं," त्यांनी नंतर मला सांगितलं. "ती मक्याकडं बगायची, मग अँगलकडं… आन मागं सरायची. माझ्या कामाला भीत हुती रं ती."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःचे कठडे पाडायला सुरुवात केली. त्यांच्या जागी जस्ताचा मुलामा दिलेला जाड, गोल पाइप आणला. दुकानात प्रत्येक पाइप पान्याने ठोकून ते कान देऊन ऐकत. पातळ पाइप वेगळा वाजतो, असं त्यांचं म्हणणं. वेल्डिंग हा त्यांचा हातचा धंदा, पण इथं त्यांनी तोच सोडला. वेल्डिंगच्या आचेनं जस्त जळतं आणि गंज तिथूनच लागतो. म्हणून ते पाइप क्लँप आणि बोल्टनं आवळत, बोल्टची टोकं गाईच्या बाजूला येणार नाहीत असे. खांबांच्या बुडाशी, जिथं शेण-मूत साचतं, तिथं वीतभर काँक्रीट चढवत. सगळं झालं की स्वतः वाकून कठड्याच्या पाइपखाली मान घालत, डावी-उजवीकडे घासून पाहत. ते वाकले की बघणारे विचारत, "मामा, वैरण टाकू का?"

"टाक की. पर हिरवी आन, वाळली दात मोडती."

एकेक करत नऊ कठडे बदलून झाले. दहावा राहिला.

पुढच्या भाऊबीजेला ते मापाची टेप घेऊनच आले. आईने अँगलला गोणपाट गुंडाळून वरून सुतळीने शिवून टाकलं होतं. मामांनी त्यावरून हात फिरवला. "आक्का, ह्ये काडायचंय. गोल पाइप घालतो."

"हाय त्ये बरं हाय."

"गाईला लागलंय का?"

"न्हाई."

"मग गोणपाट कशाला?"

"थंडीचं लोखंड गार पडतं… आन ओवाळणी कुनी परत न्हेतं का रं?"

आई खोटं बोलत होती. आमच्या तांबडीच्या मानेवर तळहाताएवढा चट्टा होता आणि मामा यायच्या दिवशी तिने गाय मागच्या परड्यात बांधून ठेवली होती. मामांनी टेप परत खिशात घातली. निघताना एस.टी. स्टँडवर मला म्हणाले, "भाच्या, आक्काला समजाव. मी बोललो तर तिला वाटंल, दिल्यालं काडून न्हेतोय." मी हो म्हटलं. तीन वर्षं मी हो म्हणत राहिलो. दर दिवाळीच्या आधी आई गोणपाट बदलायची, दर दिवाळीला मामा त्यावरून हात फिरवायचे, आणि दोघं फराळाला बसायचे.

मामांच्या बाराव्याला मी आईला घेऊन त्यांच्या गावी गेलो. दुपारी मामी आम्हाला मागच्या शेडमध्ये घेऊन गेली. भिंतीशी पाइप उभे होते, मापाने कापलेले, टोकं कानशीने गुळगुळीत केलेली. शेजारी डब्यात मोजके क्लँप आणि बोल्ट. प्रत्येक पाइपवर खडूने एकच शब्द लिहिलेला होता, आक्का. "औंदाच्या भाऊबीजेला न्याचं म्हणत हुतं," मामी म्हणाली. "म्हणायचं, न इचारताच नेतो. आणून ठेवल्यावर कुठं नको म्हणंल?"

आईने एका पाइपच्या टोकावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "टेंपो सांग."

घरी आल्यावर गोणपाट तिनेच उसवलं. आतल्या बाजूला तांबडीचे केस चिकटलेले होते. अँगल उतरवायला तिने कोणाला घाई करू दिली नाही. पाइप बसले, बोल्ट आवळले. गायी सोडणार तोच आईने हात करून थांबवलं. पदर खोचला, वाकली, पाइपखाली मान घातली आणि डावी-उजवीकडे घासून पाहिली. कोणी वैरणीचं विचारलं नाही… तिनेच उठून मक्याची पेंढी सोडली. तांबडी तेवढी थबकली. तिने पाइप हुंगला, आणि मग डोकं आत घातलं.

नवा पाइप राखाडी, मळकट दिसतो. आता तीन गायींच्या माना घासून तो तीन जागी चकचकीत झाला आहे. बाकीच्या पाइपांवरची खडूची अक्षरं गेली, वरच्या पाइपवरचं 'आक्का' तेवढं शेवटच्या टोकाला आलंय, जिथं कोणत्याच गाईची मान पोहोचत नाही. गोठा रोज धुतला जातो. तेवढ्या जागेवर आई पाणी मारू देत नाही.