मयताच्या घरून निघताना

आमच्या खात्याशी ओळख व्हायची, तर आधी घरातलं कुणीतरी जावं लागे. सत्तरच्या दशकात वाशिमच्या विमा कचेरीत मी मृत्यूदाव्यांच्या टेबलावर होतो. शेजारच्या टेबलावर नव्या पॉलिश्या येत, त्याला दिवाळीत फराळाचे डबे मिळत. मला मृत्यूचे दाखले. पण माझ्याकडे येणाऱ्याला खोटं हसावं लागत नसे, आणि मलाही. नोकरीचा हा फायदा मला उशिरा कळला.

पहिल्याच वर्षी आसेगावचा दावा आला. शाळेतले शिपाई वारले होते. मुलीला वाशिमला मास्तरणीच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. फी जूनअखेर भरायची आणि विम्याशिवाय तिच्या आईकडे दुसरी सोय नव्हती. कागदांत एकच दाखला कमी होता : अंत्यविधीला हजर असलेल्या, नात्याबाहेरच्या माणसाचा. पत्रापत्रीत महिना गेला असता, म्हणून मी स्वतःच एसटीनं निघालो. तेव्हा मला माझं फार कौतुक वाटलं होतं.

बौद्ध वस्तीत जो भेटे तो नात्यातला निघे. शेवटी समोरचे मुसलमान शिंपीचाचा पुढे झाले. त्यांनी खांदा दिला होता. शिपायांच्या ओसरीवर बसून मी फॉर्म भरला, चाचांची सही घेतली, चहा प्यायलो आणि उठताना सवयीनं म्हणालो, "बरं, येतो."

ओसरीवरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दुःखाच्या घरून निघताना येतो म्हणायचं नसतं, हे मला आईनं लहानपणीच बजावलं होतं. जीभ चावत मी एसटी गाठली.

आठ दिवसांत वरच्या कचेरीतून फॉर्म परत आला. मयताच्या रकान्यात मी चाचांचं नाव लिहिलं होतं, आणि साक्षीदाराच्याही. म्हणजे चाचांनी स्वतःच्याच अंत्यविधीला हजर राहून सही ठोकली होती. साहेबांनी फॉर्म नुसता माझ्यापुढे धरला. फीच्या मुदतीला तीन आठवडे उरले होते.

पुन्हा आसेगावची एसटी धरली. म्हणजे मी खरंच 'येतो' म्हणून आलो होतो. चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं.

"मले काहून मारलं साहेब? लोकायचे अर्धे कपडे शिवाचे राह्यले ना अजून."

वस्ती हसली. बाई, म्हणजे मुलीच्या आई, हसल्या नाहीत.

"पोरीचं नाव त नाही ना कटनार, भाऊ?"

नाही कटणार, म्हणालो. असं सांगायचा मला काडीचा अधिकार नव्हता. नवा फॉर्म चाचांनी एकेका रकान्यावर बोट ठेवून माझ्याकडून भरून घेतला. निघताना मी तोंड घट्ट मिटलं.

तो फॉर्म मी स्वतः वरच्या कचेरीत नेला आणि सही होईपर्यंत तिथल्या बाकावरून उठलो नाही. इतर नोकऱ्यांत चूक खोडून काढता येते. आमच्यात ती कुणाच्या तरी ओसरीवर जाऊन बसते, वाट बघत. तोटा म्हणाल तर हाच.

चेक आला तेव्हा हातात आठवडा होता. टपालानं पाठवायचा नियम. साहेब म्हणाले, "चूक तुमची, आता पायही तुमचेच झिजवा."

बाईंनी चेक मुलीच्या हातात दिला. मी मुकाट्यानं चपला घातल्या. बाई दारापर्यंत आल्या.

"आता येतो म्हना, भाऊ. आता चालते."

मी म्हणालो. समोरून चाचांनी मशीनवरून मान वर केली.

"या. पन कागद घेऊन नोका येऊ."