दोनशे चौदा नंबरचा कोट

मास्तर माणसं खांद्यावरून ओळखायचे. चेहरा म्हणजे त्यांच्या लेखी बिनकामाचा ऐवज. चेहऱ्याला काही शिवून घालता येत नाही. सैनिकी अकादमीच्या शिलाईखोलीत त्यांची बत्तीस वर्षं गेली होती. एकोणिसाव्या वर्षी मामांच्या हाताखाली बटणं लावायला आले, पुढे मामा थकले आणि कात्री यांच्या हातात आली. समोर उभा राहणारा प्रत्येक पोरगा सारख्याच बारीक केसांचा, सारख्याच बनियनमधला. त्यांची तोंडं बघून करायचं काय? मास्तर मागे उभे राहायचे, दोन्ही तळवे खांद्यांवर ठेवायचे आणि मनातल्या मनात बारसं करून मोकळे व्हायचे. कुणी खुंटी, कुणी बरणी. एकाचे खांदे इतके सपाट की वर भरला पेला ठेवावा, तो फळी. एकाचा डावा खांदा पाव इंच खाली, तो डाव्या.

बोलणं बेताचंच, कारण तोंडात कायम टाचण्या. डाव्या कोपऱ्यात सहा-सात टाचण्या धरायच्या आणि उजव्या कोपऱ्यातून बोलायचं: "ताठ. श्वास सोड. जा." त्यांची बायको खिडकीपाशी बसून काजं करायची. ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "लग्न झाल्यावर दोन वर्षं मला वाटत होतं, माणूस अबोल आहे. मग एकदा यांनी टाचण्या काढल्या आणि कळलं, टाचण्या होत्या तेच बरं होतं."

शिलाईखोलीसमोरच्या भिंतीवर पितळी अक्षरांत अकादमीचा नियम होता. कॅडेट खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरणार नाही आणि असं करणाऱ्याला पाठीशी घालणार नाही. एकदा मोडला की घरचा रस्ता. मास्तरांना हा नियम तोंडपाठ होता आणि त्याचा त्यांना जावयासारखा अभिमान होता. बराकीच्या दाराशी एक वही असायची. कॅडेट कुठे जातो, किती ते किती, हे त्यानंच लिहायचं. तपासायला कुणी नाही. लिहिलं म्हणजे झालं. "आहे का असं जगात कुठं?" मास्तर गावात सांगत फिरायचे. नसेलही. आता त्याच अकादमीच्या गेटवर मास्तरांचा जेवणाचा डबा बत्तीस वर्षं रोज उघडून बघितला जात होता, येतानाही आणि जातानाही. भाजीखाली काय सापडणार होतं, तोफ? पण हे मास्तरांच्या कधी डोक्यात आलं नाही. अभिमानाची पट्टी डोळ्यांवर घट्ट बसली की डब्याचं झाकण दिसत नाही.

तर त्या बुधवारी निरोपाच्या परेडसाठी सत्तावीस कोटांची ट्रायल होती. कोट कच्च्या टाक्यांवर उभे करून ठेवलेले, अस्तरावर खडूनं नंबर. पोरगा येणार, नंबर सांगणार, मास्तर दांडीवरून कोट काढणार, अंगावर चढवणार, हवं तिथे आवळणार, खडू झटकणार. चारच्या सुमाराला कुणीतरी म्हणालं, "दोनशे चौदा." म्हणजे डाव्या. मास्तरांनी कोट चढवला, मागे जाऊन तळवे ठेवले आणि थबकले.

डावा खांदा खाली नव्हता. दोन्ही एका रेषेत.

दुसऱ्या वर्षी माप घेतलं तेव्हा पाव इंचाचा फरक होता, म्हणून तर मास्तरांनी डाव्या बाजूला कापसाची गादी भरली होती. आता ती गादीच उंचवट्यासारखी वर आली होती. मास्तरांचा ऊर भरून आला. टाचण्या न काढताच म्हणाले, "शाबास. सरळ झालास." मास्तरांनी गादी उसवून काढली आणि संध्याकाळी जेवताना बायकोला सांगितलं, "इथे माणूस नुसता शिकत नाही गं. सरळ होतो. हाडापासून."

"मग तुम्ही बत्तीस वर्षं काय केलंत तिथे?" बायको म्हणाली. "अजून चालताना वाकडेच."

शुक्रवारी चिठ्ठी आली. शनिवारी सकाळी दहाला सन्मान समितीसमोर साक्षीला यावं. ही समिती पोरांचीच. कुणी नियम मोडला असा संशय आला की तीच चौकशी करते, तीच ठरवते. भानगड अशी होती: दोनशे चौदानं वहीत लिहिलं होतं, 'बुधवार, चार ते पाच, शिलाईखोली, कोटाची ट्रायल.' आणि कवायत घेणाऱ्या उस्तादांना त्याच वेळी तो मागच्या गेटबाहेर, फोनच्या दुकानाशी दिसला होता. दिसला म्हणजे पाठमोरा. उस्ताद म्हणत होते, तोच असावा, पण शपथ घेणार नाही. म्हणजे सगळं येऊन अडलं मास्तरांवर. मास्तर म्हणाले 'आला होता', तर पोरगा राहिला. म्हणाले 'नाही', तर परेडला तीन आठवडे उरलेले असताना पोरगा घरी.

"एवढंच ना?" मास्तर बायकोला म्हणाले. "आला होता. मी स्वतः गादी काढली. खरं सांगायला काय भीती?" आणि इस्त्रीचा सदरा घालून, दोनशे चौदा नंबरचा कोट हातावर टाकून निघाले. कोट न्यायला कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. पण साक्षीला जायचं आणि आपली कारागिरी घरी ठेवायची, हे त्यांना जमणारं नव्हतं.

खोलीत लांब टेबल, पलीकडे पाच पोरं, मधला अध्यक्ष. वय बावीस, चेहरा बासष्टचा. बाजूला डाव्या उभा. दाराशी त्याच्या खोलीत राहणारा त्याचा दोस्त उभा, तोही चौकशीसाठी बोलावलेला.

"मास्तर, दोनशे चौदा बुधवारी चार ते पाच तुमच्याकडे होता?"

"होता."

"नक्की?"

आता 'नक्की' हा शब्द मास्तरांना झोंबला. बत्तीस वर्षांत त्यांचा एक कोट परत आला नव्हता, आणि हे कालचं पोर विचारतंय नक्की का म्हणून. "माझ्या शब्दावर राहू नका, अध्यक्षसाहेब. त्याच्या अंगात कोट घाला. ट्रायल झाली की नाही, कोटच सांगेल. मी ज्याच्या अंगावर कोट बसवतो ना, तो त्याच्याशिवाय दुसऱ्याला होत नाही."

डाव्याचा चेहरा पांढराफटक पडला. मास्तरांना दिसलं असतं, तर ते तिथेच थांबले असते. पण चेहरे बघायची सवय कुणाला होती? त्यांनी कोट चढवला, बटणं लावली, सवयीनं मागे गेले आणि दोन्ही तळवे ठेवले.

डावा खांदा पाव इंच खाली.

गादी नव्हती, त्यामुळे मानेपासून काखेपर्यंत कापडाला हा एवढा झोळ पडला होता. मास्तरांनी तळवे उचलले, पुन्हा ठेवले. बुधवारी वर असलेला खांदा तीन दिवसांत खाली आला? हाड आहे की पतंग? आणि मग त्यांची नजर दाराशी उभ्या दोस्ताच्या खांद्यांकडे गेली. सपाट. भरला पेला ठेवावा असे. फळी.

बुधवारी तळव्यांखाली फळी होता. डाव्याच्या नंबरावर डाव्याचा कोट घालून उभा. आणि मास्तर त्याला शाबास म्हणाले होते, सरळ झालास म्हणून.

"मास्तर," अध्यक्ष म्हणाला, "मला शिलाईतलं कळत नाही, पण हा कोट नीट बसलेला दिसत नाही. डाव्या बाजूला काय झालंय?"

खरं सांगितलं तर दोन पोरं घरी जात होती. आणि दुसरं जे सांगता येण्यासारखं होतं, ते बत्तीस वर्षांत मास्तरांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. आज तोंडात टाचण्याही नव्हत्या, नाहीतर गप्प राहायला निमित्त मिळालं असतं.

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले. "ट्रायल झाली त्याची. माझाच हात चुकला. नजर राहिली नाही आता."

कुणीतरी हळूच हसलं. अध्यक्षानं वही मिटली. दोनशे चौदा निर्दोष.

घरी येऊन मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं. ती सुई अडवून ऐकत राहिली. "म्हणजे तुम्ही खोटं बोललात?"

"हो."

"चांगलं केलंत की वाईट?"

"तेच तर तुला विचारतोय."

"मला काय विचारता? भिंतीवरची अक्षरं तुम्हाला पाठ आहेत."

सोमवारी कार्यालयातून माणूस आला. मास्तरांच्या नजरेची तक्रार असल्यामुळे परेडचे सगळे कोट आता गावातला दुसरा शिंपी पुन्हा तपासणार होता. आला पण लगेच. वय पंचवीस, गळ्यात नवी टेप. मास्तरांच्या शिवणीवरून बोट फिरवून म्हणाला, "काका, तसं ठीक आहे." तसं ठीक आहे! मास्तरांनी तोंडात सातच्या जागी बारा टाचण्या भरल्या, म्हणून त्याचा जीव वाचला.

आणि बुधवारी दुपारी डाव्या आला. अंगात साधा शर्ट, हातात पेटी.

"कुठे निघालास?"

"घरी. मी समितीला सांगितलं. फोन करायला गेलो होतो, वहीत खोटं लिहिलं."

मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली. "अरे गाढवा, सुटला होतास ना? मी तिथे माझं नाक कापून घेतलं ते कशाला? त्या टेपवाल्याकडून काका म्हणवून घ्यायला?"

"म्हणूनच, मास्तर. तुम्ही 'माझा हात चुकला' म्हणालात ना, तेव्हापासून जेवण जाईना."

पोरगा सरळ झाला होता म्हणायचा. पण लगेच दुसरा टाका उसवला. "फोन कुणाला केला होतास?"

"आईला. मला इथे राहायचं नाही, परत येऊ का, म्हणून विचारायला. ती म्हणाली, असा आलास तर दार उघडणार नाही."

"म्हणजे तुला जायचंच होतं?"

"हो."

"मग तू खरं बोललास ते खऱ्यासाठी, की सुटण्यासाठी?"

पोरानं पेटीची कडी काढली, पुन्हा लावली. "मलाही कळत नाही, मास्तर. रात्री वाटलं होतं पहिलं. सकाळी सही करताना वाटलं दुसरं."

"आणि फळी? तुझा दोस्त?"

"त्याचं नाव नाही सांगितलं."

"म्हणजे अर्धंच खरं."

"माझ्यापुरतं."

"कोटात माझ्यापुरतं नसतं रे," मास्तर ओरडले. "एक खांदा चुकला की सगळा कोट चुकतो." पोरानं वाकून पायाला हात लावला आणि तो गेला. जाताना मास्तरांनी सवयीनं पाठ बघितली. पेटीच्या ओझ्यानं आज उजवा खांदा खाली होता.

मास्तर तसेच उठले आणि थेट समितीच्या खोलीत गेले. अध्यक्ष एकटाच काहीतरी लिहीत होता.

"मीही खोटं बोललो," मास्तर म्हणाले. "भर सभेत. माझं काय करता बोला."

अध्यक्ष उठून उभा राहिला. आदरानं म्हणाला, "काही नाही, मास्तर. नियम कॅडेटांसाठी आहे. तुम्हाला तो लागू नाही."

"लागू नाही म्हणजे?"

"म्हणजे तुमच्यावर कारवाई होणार नाही. तुम्ही बसा ना, पाणी घ्या."

मास्तरांना वाटलं, याच्यापेक्षा यानं कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. बत्तीस वर्षं ज्या अक्षरांखालून गेलो-आलो, त्यांत आपण नव्हतोच. सन्मान मिळायचा तर कॅडेट हवं. ते राहू दे. पण अपमान व्हायचा तरी माणूस यादीत हवा! डबा उघडून बघायला आपण चालतो, आणि खोटं धरायला मात्र आपण कुणी नाही?

"एकच विचारतो," अध्यक्ष म्हणाला. "त्या दिवशी तुमच्यासमोर कोट घालून कोण उभा होता? दोनशे चौदानं नाव सांगितलं नाही. त्याच्या दोस्तालाही आम्ही विचारलं होतं, तो म्हणाला मला काही माहीत नाही."

मास्तर म्हणाले, "मी चेहरा बघत नाही. त्या दिवशीही बघितला नाही."

हे शंभर टक्के खरं होतं. आणि तरी पायऱ्या उतरताना मास्तरांना वाटत होतं, शनिवारच्या खोट्यापेक्षा हेच मोठं खोटं. खरं बोलून लपवता येतं आणि खोटं बोलून वाचवता येतं, तर पितळी अक्षरं नेमकी कशाला? त्यांनी भिंतीपाशी थांबून पुन्हा चारही ओळी वाचल्या. काही उजेड पडेना.

खोलीत येऊन त्यांनी दोनशे चौदाचा कोट काढला, डावी शिवण उसवली आणि कापसाची गादी पुन्हा भरली. पाव इंच. एकेक टाका बारीक.

"आता कोण घालणार तो?" बायको म्हणाली.

"कुणी नाही."

"मग?"

"बसायला तर हवा."

शुक्रवारी फळी आला, स्वतःच्या कोटासाठी. नेहमीसारखा पाठ करून उभा राहिला. मास्तर मागे गेले, तळवे उचलले आणि हवेतच धरून राहिले. मग म्हणाले, "आधी इकडे तोंड कर."

पोरगा वळला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच मास्तरांनी ट्रायलला आलेल्या कॅडेटचा चेहरा नीट पाहिला. नाकावर पुटकुळी होती, डोळ्यांखाली काळं. बाकी काही लिहिलेलं नव्हतं.

"नाव काय तुझं?"

त्यानं नाव सांगितलं. मास्तरांनी ते चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी कोटाला टाचायला टाचण्या तोंडात धरल्या. नाव खरं सांगितलंस ना, एवढं विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण ओठांत टाचण्या होत्या.