जावयाची चूक

माझी पहिली नोकरी चुका काढायची होती, आणि ती मला मिळवून दिली थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. काढायच्या होत्या त्या चुकाही त्यांच्याच. आमच्याकडे जावई म्हणाला आज अमावास्या, तर सासरा चंद्राकडे बघत नाही. अशा घरातून मी टेस्टिंगमध्ये आलो.

बी.एस्सी. करून मी अंबड तालुक्यातल्या आमच्या गावात बसून होतो. दाजी जालन्याला एका छोट्या कंपनीत प्रोग्राम लिहायचे. कंपनी म्हणजे बियाण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालक एकदा पुण्याला जाऊन आले आणि ऐकून आले की प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतःचा प्रोग्राम तपासायचा नसतो, त्यासाठी वेगळा माणूस ठेवतात. दाजींनी लगेच मला पुढे केलं. मालकांनी विचारलं, "प्रोग्राम लिहिता येतो का?" मी म्हणालो, "न्हाई."

"बरंय. येत असता तर तूबी ह्याच्याच डोक्यानं चालला असतास."

राहायला मी आक्काकडेच. खुसपटं काढायची खोड माझी जुनीच. आई म्हणायची, याला खीर वाढली तरी हा आधी खडा शोधल. ज्या खोडीपायी लहानपणी मार खाल्ला तिचाच आता पगार मिळणार, याची मला फार गंमत वाटायची. दाजींना चूक दाखवायची पद्धतही मी शोधून काढली होती. चूक म्हणायचंच नाही. "दाजी, इथं असंच व्हायला पायजे का?" असं विचारायचं. ते "हं" म्हणायचे आणि दुरुस्त करायचे. त्या "हं"वर आमचं बरं चाललं होतं.

मग शेजारच्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचं काम आलं. कोणत्या शेतकऱ्याने ऊस कधी लावला याची नोंद करायची आणि त्या क्रमाने प्रत्येकाला तोडीची पाळी द्यायची. दाजींनी मन लावून प्रोग्राम लिहिला. मी कितीतरी दिवस तो उलटासुलटा करून पाहिला, काही सापडेना. शेवटी एका शनिवारी, खोटी नावं सुचायची बंद झाली म्हणून, मी आमचं अख्खं गाव आठवून आठवून भरायला बसलो. वरल्या आळीपासून सुरुवात केली. खालच्या आळीत पोचलो आणि यादीतून माझे वडीलच गायब झाले.

आमच्या गावात माझ्या वडिलांच्याच नावाचा आणखी एक माणूस होता. नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तर भावकीत एकच. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यावर दुसरं काय होणार? गावाला त्याची अडचण नव्हती. एक वरल्या आळीचा, एक खालच्या आळीचा. प्रोग्रामला आळ्या माहीत नव्हत्या. दोघे एकच समजून त्याने मुकाट्याने पहिल्याची लागवड पुसली आणि तिथे दुसऱ्याची बसवली. म्हणजे ज्याचं नाव गेलं त्याच्या उसाच्या फडात तोडणीची टोळी जाणारच नाही, आणि बिचाऱ्याला कळणार कधी, तर ऊस वाळायला लागल्यावर.

दाजी तोवर घरी गेले होते. मी गेलो तर ते बाजारात, आणि आक्का पिशव्या भरत होती. त्या वर्षी अधिक महिना होता आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घरी त्या दोघांचं धोंड्याचं जेवण होतं. मी तिला सांगितलं. तिने हातातली साडी खाली ठेवली. "उद्याचा दिस जाऊ दी. तीन वर्षांतून एकदा येतो त्यांचा मान."

"परवा सकाळीच मालक फ्लॉपी घेऊन कारखान्यावर चाललेत."

"मंग गावाहून परत निघाल्यावर सांग. जेवताना मातर तोंड उघडायचं न्हाई. माझी शप्पथ हाय तुला."

मला ते पटलंही होतं, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी परतताना एसटीत सांगायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

रविवारी आईवडिलांनी लेकीजावयाचे पाय धुतले, कपडे केले, पुरणाचे धोंडे वाढले. भावकीतली माणसं पंगतीला होती. वडिलांनी तुपाची वाटी पुढे सरकवत विचारलं, "जावाईबापू, आमचं पोरगं कामाला बराबर हाय ना?"

दाजी खुशीत होते. "लई बराबर. महिना झाला माझ्या मागं लागून राह्यलाय, पर ह्या बारीला एक चूक सापडली न्हाई त्याला."

सगळे हसले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सापडली."

वडील म्हणाले, "काय बोलून राह्यला तू? ताटावर बसलेत ते."

दाजींनी घास खाली ठेवला. "कोणती?"

मी खाली मान घालून सांगितलं. वडिलांना प्रोग्राम काय कळणार, पण एकाच नावाची दोन माणसं त्यांना बरोबर कळली. ते हळूच म्हणाले, "म्हंजी पुसल्या गेला तो मी?"

"हो."

"मंग माझ्या उसाला तोड कधी यील?"

"येणारच न्हाई."

दाजींनी ताटाला नमस्कार केला आणि अर्धं जेवण सोडून हात धुवायला उठले. आक्काच्या डोळ्यांत पाणी होतं. वेळ चुकली असं सगळे म्हणाले, आजही म्हणतात. मला मात्र अजून वाटतं की त्या हसण्यात मी गप्प राहिलो असतो, तर संध्याकाळी एसटीतही गप्पच राहिलो असतो.

सोमवारी दाजींनी स्वतःच मालकांना थांबवलं. आठवडाभर बसून प्रोग्राम दुरुस्त केला. माझ्याशी ते कामापुरतं बोलायचे. आक्का तेवढंही बोलत नव्हती. ताट वाढायची आणि आत जायची. महिनाअखेरीस ती म्हणाली, "चूक करणारा आन काढणारा एका घरात नको. माझ्याच्यानं दोघांचं होत न्हाई." ती रागाने बोलली असती तर मी भांडलो असतो. ती रडवेल्या आवाजात बोलली, म्हणून मी खोली शोधली.

माझी ट्रंक स्कूटरवर घालून दाजीच मला सोडायला आले. खोलीच्या दारात ट्रंक उतरवली आणि बराच वेळ किल्लीशी चाळा करत उभे राहिले.

"त्या दिवशी लई राग आल्ता तुझा," ते म्हणाले. "मंग ध्यानात आलं. जावई झाल्यापासून तुमच्या घरात मला कोणी चूक म्हणून सांगितलीच न्हाई. केल्या तर असतीलच की."

मी म्हणालो, "दाजी, मी ऑफिसात हायेच की."

"ऑफिसातल्या सांगशील तू," ते म्हणाले. "घरातल्या आता कोण सांगल?"

त्यांनी स्कूटर वळवली.