तिसऱ्या अंकातला सेनापती

आमच्या गावची प्राथमिक शाळा सातवीपर्यंत होती, म्हणजे सातवीत गेलं की आपण शाळेतले सर्वांत थोर नागरिक. या थोरवीचे फायदे पुष्कळ. शनिवारी वर्ग शेणानं सारवायचे ते सातवीनं. गुरुजींच्या चहाला दूध आणायचं ते सातवीनं. पंधरा ऑगस्टच्या फेरीत घसा फोडायचा तोही सातवीनंच. शाळेला काही हवं असलं, की गावापुढं हात पसरायलाही सातवी होतीच. हेडगुरुजी याला नेतृत्वगुणांचा विकास म्हणत.

आमच्या वर्षी शाळेला पत्रे हवे होते. चौथीच्या खोलीचं छप्पर वाऱ्यानं नेलं होतं आणि चौथी मारुतीच्या देवळात भरत होती. तिथं दर्शनाला येणारा प्रत्येक जण घंटा वाजवी आणि पोरं शाळा सुटली समजून उठत. पत्र्यांसाठी सातवीनं आधी भुईमुगाची काढणी झालेली रानं धुंडाळली आणि मातीत राहिलेल्या शेंगा वेचल्या. निम्म्या आम्हीच खाल्ल्या. उरलेल्या विकून फार तर पत्र्यांचे खिळे आले असते. मग हेडगुरुजींनी नाटक बसवायचं ठरवलं.

नाटक त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, आणि ते तसं वाटायचंही. एक चांगला राजा, एक दुष्ट राजा. दुसऱ्या अंकाच्या शेवटी दुष्ट राजा चांगल्याला मारतो, आणि तिसऱ्या अंकात सेनापती येऊन सूड घेतो. इतका वेळ हा सेनापती कुठं होता, ते विचारायची सोय नव्हती. ते काम ज्याच्याकडं होतं त्या मुलाला गालगुंड झालं आणि वर्गात सगळ्यांत उंच मी, म्हणून ते माझ्याकडं आलं. पोरीनं मिशी लावायची, यावर गावात थोडी कुजबुज झाली. पण प्रश्न पत्र्यांचा असल्यामुळं संस्कृती चार दिवस थांबायला तयार झाली.

माझे वडील पलटणीत होते आणि तेव्हा रजेवर आले होते. रोज अंगणात ते मला चालायला शिकवत. "खांदं मागं घे. सेनापती हाईस तू, पाण्याला न्हाई चाललीस." स्वतःचा जुना पट्टा त्यांनी मला दिला, माझ्या कमरेला बसावा म्हणून त्याला तापल्या खिळ्यानं नवं भोकही पाडलं. रजा संपत होती नेमकी नाटकाच्या दिवशी. गावाबाहेरच्या फाट्यावर संध्याकाळची एस.टी. धरून कराड गाठायचं आणि तिथनं रेल्वे. शाळेत वीज नव्हती म्हणून नाटक दुपारीच होतं, तेव्हा सगळं बसत होतं. वडिलांनी माझं काम बघून जावं, एवढंच मला हवं होतं. पत्रे गेले खड्ड्यात.

पण आमच्या गावात नाटक बघायला कोणी येत नसे, सगळे बक्षीस द्यायला येत. एखादं काम आवडलं की माणूस उठून रुपया देई. नाटक तिथंच थांबे. देणाऱ्याचं नाव बॅटरीवरच्या कर्ण्यावरून पुकारलं जाई आणि ज्याला बक्षीस मिळालं त्यानं पुढं येऊन नमस्कार करायचा. त्यातून चांगला राजा निघाला वरच्या आळीचा आणि दुष्ट राजा खालच्या आळीचा. राजा मेला तसा वरच्या आळीनं त्याला रुपया दिला आणि पुन्हा मरायला लावलं. मग खालच्या आळीनं मारणाऱ्याला दोन दिले आणि पुन्हा मारायला लावलं. असं सुरू झालं ते थांबेचना. राजा बिचारा मरायचा, उठून नमस्कार करायचा आणि परत तलवारीपुढं उभा राहायचा. हेडगुरुजींना तर कर्ण्यापाशी पत्रेच पत्रे दिसत होते. मध्येच ते आत येऊन मला म्हणाले, "तिसरा अंक जरा आटोपता घिऊ. पाहुण्यांचं भाषण राहिलंय."

मी कोळशाची मिशी लावून पडद्याआड उभी होते. ऊन उतरत चाललं होतं. फटीतनं वडील दिसत होते. मांडवाच्या शेवटच्या खांबाशी, पायाशी काळी ट्रंक, सारखे फाट्याच्या दिशेला बघत होते. मला रडू येत होतं आणि राजाचा इतका राग येत होता, की दुष्ट राजाच्या जागी मी असते तर एका वारात काम उरकलं असतं.

राजा पुन्हा एकदा मेला, तेव्हा वडील उठले. गर्दीतनं वाट काढत कर्ण्यापाशी आले आणि त्यांनी रुपया पुढं केला.

"कुणाला?" हेडगुरुजींनी विचारलं.

"सेनापतीला."

"आवं, तो तिसऱ्या अंकात हाय. अजून आलाय कुठं?"

"मला गाडी हाय, गुरुजी. आत्ताच दावा."

हेडगुरुजींनी राजाकडं पाहिलं, मग रुपयाकडं पाहिलं, आणि पुकारा केला.

मी खांदे मागं घेऊन बाहेर आले. नुसता नमस्कार करून आत जायचं होतं, पण एवढ्यासाठी का मी महिनाभर अंगण तुडवलं होतं? मेलेल्या राजापुढं जाऊन उभी राहिले आणि तिसऱ्या अंकातलं माझं सगळं भाषण एका दमात म्हटलं. "महाराज, शत्रू पळाला, गड आपला झाला." अजून न पळालेला शत्रू शेजारीच उभा होता. लोक पोट धरून हसले. वडील हसले नाहीत. पलटणीतल्या मोठ्या साहेबापुढं राहावं तसे ते ताठ उभे होते, माझं संपेपर्यंत.

तेवढ्यात फाट्याकडनं भोंगा ऐकू आला. वडिलांनी ट्रंक खांद्यावर घेतली आणि ते पळत सुटले.

हेडगुरुजी आतनं खुणावत होते, पण मी हलले नाही. मांडवातल्या लोकांना फाटा दिसत नव्हता, स्टेजच्या उंचीवरनं मला दिसत होता. पाहुण्यांच्या भाषणापायी तिसरा अंक पुढं झालाच नाही. पण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी मी तिथंच उभी राहिले असते.

पायाशी पडलेल्या राजानं एक डोळा उघडला.

"गेलं का गं तुझं वडील?" तो हळूच म्हणाला. "गाडी घावली का?"

"घावली," मी म्हटलं.

मग त्यानं डोळा मिटला, आणि मी आत गेले.